त्रुटी क्रमांक ४६१

चॅट सर्व्हरवर कमांड नीट कशी टाइप करावी, याचं शिक्षण बुलडाणा जिल्ह्याला, घाटावरच्यांना आणि घाटाखालच्यांनाही, तातडीने द्यायला हवं. अडचण पहिल्याच अक्षराला आहे. आयआरसी नावाच्या जुन्या चॅटवर कमांड स्लॅशने, म्हणजे तिरप्या रेघेने सुरू होते. तिच्याआधी काही म्हणता काही चालत नाही. आपल्याकडे ‘राम राम भाऊ, पाणी-पाऊस काय म्हणते?’ झाल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. पण आधी ‘राम राम’ आणि मग ‘/जॉइन’ लिहिलं, तर ती कमांड राहत नाही, गप्पा होतात आणि चॅनेलातल्या सगळ्यांना दिसतात.

दुसरा धडा स्पेसचा. रेघेआधी चुकून एक स्पेस पडली आणि त्याच ओळीत पासवर्ड असला, तर बऱ्याचदा तो अख्ख्या चॅनेलला कळतो. जाणकार याला मोठा अपघात म्हणतात. आपल्याकडे ऑनलाइन केंद्रात ओटीपी ओरडूनच सांगायचा असतो आणि ऑपरेटरला एखादा आकडा ऐकू आला नाही, तर मागच्या रांगेतला माणूस सांगतो.

तिसरा धडा अवघड आहे. सर्व्हरला भावार्थ कळत नाही. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेला मांडलेली धान्यं रात्रीतून कुठे सरकली, यावरून दुसऱ्या पहाटे अख्ख्या हंगामाचं भाकीत होतं. सर्व्हर मात्र एक अक्षर सरकलं की हात वर करतो.

तरी या जिल्ह्याला काटेकोरपणा कोणी शिकवू नये. सातबाऱ्यावर पांडुरंग, आधारवर पांडूरंग आणि पासबुकात नुसता ‘पी.’, एवढ्यावर अनुदान अडकलेला शेतकरी ऱ्हस्व-दीर्घाबाबत व्याकरणाच्या मास्तरांपेक्षा कडक झालेला असतो. २०२१पासून तो ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्याच वावरात उभा राहून, तिथे सोयाबीन आहे हे फोटो काढून सिद्ध करतो. सोयाबीन पाण्याखाली गेलं, तर पीकविम्याला ७२ तासांत कळवायची सवयही त्याला लागली होती. रेंज शोधण्याचा वेळ त्यातच धरलेला.

मग आपण मागे कुठे पडलो? उत्तराच्या बाजूला. आयआरसी १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलं. १९९३ साली त्याचे नियम छापले गेले, तेव्हा प्रत्येक चुकीला क्रमांक दिला होता. ४२१ म्हणजे अशी कमांडच नाही. ४६१ म्हणजे माहिती अपुरी आहे, आणि कोणत्या कमांडला अपुरी, तेही त्याच ओळीत. चूक केली की सर्व्हर लगेच सांगतो, ‘उद्या या’ म्हणत नाही. आपल्या अर्जावर मात्र महिन्यांनंतर एकच शब्द उमटतो: ‘त्रुटी’. कोणती, ते विचारायला परत जावं, तर ‘सर्व्हर डाउन’.

म्हणून नम्र प्रस्ताव असा, की जनतेला शिकवून झालं असेल तर कार्यालयांनी हे क्रमांक जसेच्या तसे उचलावेत. अर्जाला पासबुकाची झेरॉक्स नसेल, तर पहिल्याच दिवशी ४६१ म्हणा. आयआरसीवर ४३३ म्हणजे हे नाव आधीच कोणी घेतलंय. आपल्या नावावर भलत्यानेच लाभ उचलला, की तोच क्रमांक कळवा. ४०१ म्हणजे या नावाचं इथे कोणी नाही. ही पाटी साहेबांच्या खुर्चीवर कायमची ठेवता येईल. आणि ४८२, म्हणजे ‘तुम्हाला इथे अधिकार नाहीत’, हा फलक दारावर आजच लागू शकतो. त्याला निविदा लागत नाही, आणि सर्व्हर चालू असण्याचीही गरज नाही.