वैतागाचा सरकारी दर

‘अनॉयन्स’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत वैताग, कटकट, त्रास, चीड असे बरेच उमेदवार आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये मात्र कोश उघडावा लागत नाही. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पाहिला की अर्थ कळतो. कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंड एकाच गावाच्या वाट्याला आलं की भाषाशिक्षण असं फुकट होतं. कायद्यात मात्र या शब्दाला दर लावलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम २६८ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना इजा आणि धोक्याच्या पंगतीत अनॉयन्सलाही पाट मांडला, आणि अन्यत्र शिक्षा नसेल तर कलम २९० ने दंड ठरवला: जास्तीत जास्त २०० रुपये. इंग्रज गेले, दर राहिला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो १,००० केला. दीड शतकात पाचपट. एवढी स्वस्ताई दुसऱ्या कुठल्या मालात दिसणार नाही.

आता हाच शब्द माहिती तंत्रज्ञान कायद्यात गेला तेव्हाचा भाव पाहा. कलम ६६अ नुसार वैताग देण्यासाठी ईमेल वा संदेश पाठवला तर ३ वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदविषयीच्या फेसबुक पोस्टपायी अटक झाली, तेव्हा हे कलमही लावलं होतं. म्हणजे बोटाने दिलेला वैताग तुरुंगाच्या लायकीचा, चिमणीने दिलेला दोनशे रुपयांचा.

कोणी म्हणेल, कारखाने रोजगार देतात. खरंच देतात. पण २६८ व्या कलमातच लिहिलं होतं की काही सोय वा फायदा होतो म्हणून उपद्रव माफ होत नाही. दुसरे म्हणतील, धुरासाठी १९८१ चा हवा कायदा आहे. आहे, फक्त २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातल्या शिक्षेचा भर तुरुंगाकडून पैशाकडे सरकवला. विश्वास कोणत्या जनांवर, हे नावातून कळत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ रद्द केलं ते असे शब्द मोघम आहेत म्हणून. एकाला वैताग येतो त्याचं दुसऱ्याला काहीच वाटत नाही. पोस्टच्या बाबतीत हे सोळा आणे खरं. पण धूळ कुणाचा स्वभाव विचारून घशात जात नाही, आणि ती मोजता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ७० च्या वर अतिप्रदूषित समजत, चंद्रपूरला ८३.८८ गुण होते. राहता राहिले ते हजार रुपये: ते गावाला मिळून एकदाच, की प्रत्येक सदऱ्यामागे?