थेंबाथेंबाची दूरदृष्टी

१९६२ साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या रचनाकारांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच. शाफ्टवरच्या आट्यांनी तेल परत आत ढकलावे, अशी अपेक्षा होती. अपेक्षाभंग झालेल्या तेलासाठी बेल हाउसिंगच्या तळाला भोक ठेवले होते. जाणाऱ्याला अडवू नये, हा शिष्टाचारच.

गळती शोधण्याची रीत शास्त्रोक्त आहे. इंजिन धुवावे, टाल्कम पावडर मारावी, किंवा तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली माग काढावा. मात्र धावत्या गाडीत वारा तेलाला मागे रेटतो. रॉकर कव्हरच्या कॉर्क गॅस्केटमधून पाझरलेला थेंब मागे जाऊन टपकतो आणि आळ येतो क्रँकशाफ्टवर. म्हणून जाणकार आधी अख्खे इंजिन खाली उतरवतात, मग वरचे गॅस्केट बदलतात. क्रम चुकवल्यास काम तासाभरात संपण्याचा धोका असतो.

सर्वांत खात्रीचा उपाय तेलच न घालण्याचा. त्याने गळती कायमची थांबते, इंजिनही. बाकी, गळक्या गाडीचा तळाचा पत्रा सहसा गंजत नाही.