पत्त्यांचे वतन

मामा : हे सर्व मी शांतपणे ऐकून घेतले. आता एवढेच सांग, की दरमहा तनखा देणारा धनी कोण, आणि तो न पोचल्यास दाद मागावयाची कचेरी कोणती?

भाचा : मामा, यात तनखा नसतो, पारितोषिके असतात. हल्ली वर्षाकाठी मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या तीन प्रो टूर भरतात. एकेका टूरमध्ये पाच लाख डॉलर वाटले जातात, आणि पहिल्या आलेल्यास पन्नास हजार मिळतात.

मामा : आणि पहिला न आलेल्यास?

भाचा : पहिल्या दिवशी आठ फेऱ्या होतात, त्यांतील निदान चार जिंकणारा दुसऱ्या दिवसास पात्र ठरतो. तेव्हा पुन्हा आठ फेऱ्या, आणि सोळा फेऱ्यांअंती जे आठ जण वर राहतात ते तिसऱ्या दिवशी अंतिम सामने खेळतात. पहिल्याच दिवशी चार जिंकता आल्या नाहीत, तर अनुभव मिळतो.

मामा : अनुभव माझ्याजवळही पुष्कळ साठला आहे, पण वाणी तो अद्याप वजनात घेत नाही.

भाचा : तुम्ही याला रमी समजता आहात. हा खेळ १९९३ साली रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने रचला. वीस हजारांहून अधिक निरनिराळ्या पत्त्यांतून आपले साठ पत्ते आपणच निवडायचे, शिवाय पंधरा राखीव ठेवायचे, प्रतिस्पर्धी काय घेऊन येतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्यासाठी टूरपूर्वी आठ-दहा खेळाडूंनी एकत्र घर भाड्याने घेऊन रात्रंदिवस सराव करायचा. ही विद्या आहे.

मामा : विद्या आहे हे मी नाकारीत नाही. तालुक्याची वसुली ज्याने पावसाळ्याचा अदमास घेऊन उभ्या हयातीत केली, त्याला अंदाजाची थोरवी तू सांगावी असे नाही. माझी पृच्छा केवळ कारकुनी आहे. हे पत्ते छापते कोण?

भाचा : विझार्ड्स ऑफ द कोस्ट. इथून जवळच, रेंटनला त्यांची कचेरी आहे. १९९९ पासून कंपनी हास्ब्रोच्या मालकीची आहे.

मामा : खेळाचे नियम कोण करते?

भाचा : तीच कंपनी.

मामा : कोणता पत्ता चालेल आणि कोणता चालणार नाही, हे कोण ठरवते?

भाचा : तीच. पण ते खेळाचा तोल राखण्यासाठी. आता ओको नावाचा पत्ता पाहा. २०१९ च्या ऑक्टोबरात तो बाजारात आला, इतका प्रबळ ठरला की जो तो तोच खेळू लागला, आणि नोव्हेंबरात स्टँडर्ड प्रकारातून त्यावर बंदी आली.

मामा : ज्यांनी ऑक्टोबरात पदरचे डॉलर मोजून तो घेतला होता, त्यांस नोव्हेंबरात नुकसानभरपाई किती मिळाली?

भाचा : भरपाई कसली?

मामा : म्हणजे टाकसाळ त्यांची, कायदा त्यांचा, मक्ता त्यांचा, पंच त्यांचे, आणि पारितोषिक देणारा हातही त्यांचाच. अरे, धरणात जमीन गेली तर सरकारसुद्धा सातबारा पाहून, खेटे घालावयास लावून का होईना, काही तरी देते! तू ज्याला व्यवसाय म्हणतोस ते वतन आहे, बाळा, आणि तेही सनदेवाचून.

भाचा : असे कसे? खेळाडूंसाठी रीतसर योजना होत्या. २००५ पासून प्रो प्लेयर्स क्लब होता. त्यात सर्वांत वरच्या प्लॅटिनम श्रेणीच्या खेळाडूस प्रो टूरला नुसते हजर राहण्याबद्दल तीन हजार डॉलर मिळत.

मामा : मिळत? वाक्य भूतकाळात का गेले?

भाचा : २०१६ च्या एप्रिलमध्ये ते अडीचशेवर आणत असल्याचे कंपनीने जाहीर केले. खेळाडूंनी फार ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच निर्णय मागे घेतला.

मामा : मागे घेतला हे मला कळले. परंतु तीन हजारांचे अडीचशे एका फर्मानाने होऊ शकतात, ही गोष्ट दोन्ही पक्षांस कळली, ती मागे कशी घेणार?

भाचा : पुढचे ऐका. २०१९ साली मॅजिक प्रो लीग सुरू झाली. बत्तीस खेळाडू, प्रत्येकाशी पंचाहत्तर हजार डॉलरचा करार. हा तर अगदी तुमच्या व्याख्येतला तनखा झाला!

मामा : शाबास. हे ठाऊक असते तर एवढा वेळ मी वाद घातलाच नसता. मग या बत्तीस जणांत तुझा नंबर लागण्याची शक्यता कितपत?

भाचा : लीग आता नाही.

मामा : नाही म्हणजे?

भाचा : ती बंद करणार असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले.

मामा : इंग्रजांनी १८५२ चा कायदा करून इनाम कमिशनास अधिकार दिले, त्याने दक्षिणेतील इनामदारांची झोप उडवली आणि कित्येकांची इनामे खालसा केली, हे सर्व खरे. तरी पण त्या कमिशनाने माणसाला समोर बोलावून ‘तुझी सनद दाखव’ असे विचारण्याची तरी रीत ठेवली होती. तुमच्या कमिशनाला तेवढीही तसदी नको.

भाचा : लीग गेली, पण प्रो टूर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली की नाही? आणि पैशाचेच म्हणाल, तर ब्राझीलच्या पाउलो व्हितोर दामो दा रोझाने २०२० साली होनोलुलूला विश्वविजेतेपद मिळवले, त्याला एकट्याला तीन लाख डॉलर मिळाले. शिवाय त्याची छबी असलेला पत्ता निघाला. जॉन फिंकेल २००० साली ब्रसेल्सला जगज्जेता झाला, त्याचीही छबी पत्त्यावर आहे. सात प्रो टूर जिंकणाऱ्या काई बुडेचीही आहे.

मामा : तनखा बंद, पण तसबीर चालू! हा प्रघात मला अभिनव वाटला. बरे, हे फिंकेलसाहेब पुढे उदरनिर्वाहासाठी काय करू लागले?

भाचा : ते हेज फंडात गेले.

मामा : आणि इतर?

भाचा : काही जण पोकरकडे वळले. डेव्हिड विल्यम्स २००४ च्या पोकरच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत दुसरा आला, तेव्हा त्याला पस्तीस लाख डॉलर मिळाले.

मामा : म्हणजे या विद्येची फलश्रुती अशी, की जो तिच्यात पारंगत होतो तो तिला रामराम ठोकून श्रीमंत होतो. तुझ्या पारंगततेस आता किती अवकाश आहे?

भाचा : तुम्ही प्रत्येक गोष्ट पैशाने मोजता.

मामा : नोकरीचा राजीनामा तू दिलास, मी नव्हे. राजीनामा दिलेल्याचे मोजमाप दुसऱ्या कशाने करावयाचे? बरे, या पत्त्यांना बाजारात काही किंमत तरी येते का?

भाचा : येते तर! ब्लॅक लोटस नावाच्या पत्त्याची एक निष्कलंक प्रत २०२१ च्या जानेवारीत पाच लाख अकरा हजार शंभर डॉलरना विकली गेली.

मामा : पुन्हा एकदा सांग. जिंकणाऱ्यास पन्नास हजार, आणि पत्त्यास पाच लाख अकरा हजार? अरे, मग या धंद्यात माणसाने पत्ता होऊन जन्मास यावे, पत्तेबाज होऊन कशाला! पत्त्याला फेऱ्या खेळाव्या लागत नाहीत, सराव करावा लागत नाही, विमानाचे भाडे भरावे लागत नाही. तो काचेत पडून राहतो आणि त्याचे मोल वाढते. नेमका असाच एक हुद्दा आमच्या सचिवालयात होता, पण त्यासाठी वशिला लागे.

भाचा : हसा. तुम्हांला हसणे परवडते, कारण तुम्हांला पेन्शन आहे. पण तुमच्याच कचेरीत, तुमच्याच टेबलावर, १ नोव्हेंबर २००५ नंतर जो कारकून रुजू झाला, त्याला ते जुने पेन्शन नाही. त्या वेळी कुणी कुणाची सनद पाहिली?

मामा : ते प्रकरण निराळे.

भाचा : निराळे कसे? तारीख त्यांची, नियम त्यांचा, तिजोरी त्यांची. मघाची सगळी यादी तीच आहे, फक्त पत्त्यांऐवजी फायली आहेत.

मामा : निराळे अशासाठी, की २०२३ च्या मार्चमध्ये ती पोरे आठवडाभर संपावर गेली, कचेऱ्या ओस पडल्या, आणि सरकारला त्यांच्याशी बोलणे भाग पडले. तुमच्या बत्तीस वतनदारांपैकी संपावर किती गेले?

भाचा : संपावर जाऊन करायचे काय? ते न खेळले तर त्यांच्या जागी खेळायला हजारो उभे आहेत, आणि तेही स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. दुसरे कुणी मॅजिकचे पत्ते छापत नाही, की तिकडे जाऊन खेळावे.

मामा : हे वाक्य तू उच्चारलेस, मी नव्हे, याची नोंद असू दे.

भाचा : तुम्हांला नोंदीच दिसतात. शेवटच्या फेरीत, हातात दोनच पत्ते उरलेले असताना, समोरच्याने कोणता पत्ता दडवला आहे हे त्याच्या एका क्षणाच्या विलंबावरून ओळखणे काय असते, हे तुम्हांला कधी कळणार नाही. तशा एका डावासाठी तुम्ही उभ्या आयुष्यात काही सोडले आहे?

मामा : नाही. सोडण्याची ऐपत नव्हती. तीन बहिणींची लग्ने व्हायची होती, त्यांत तुझी आईही होती.

भाचा : माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता.

मामा : अर्थ काहीही असो. ताईचा परवा फोन येईल, आणि ती मलाच विचारील. तेव्हा मी काय सांगू?

भाचा : सध्या काही सांगू नका.

मामा : ते व्हावयाचे नाही. कारकिर्दीत मी खोटा पंचनामा केला नाही, आता निवृत्तीत बहिणीपासून आरंभ करू? मी म्हणेन, चिरंजीव एका मोठ्या संस्थानाच्या मर्जीत आहेत, मानकरी होण्याचा संभव आहे, मात्र वतनाची सनद—

भाचा : वतन काढा त्यातून.

मामा : बरे, मग मसुदा तूच कर, मी मुकाट्याने वाचून दाखवीन. फक्त नोकरीबरोबर आजारपणाचा विमाही गेला, ते कलम गाळू नकोस. पारितोषिकांबद्दल ताई विचारणार नाही, विम्याबद्दल पहिल्याच वाक्यात विचारील.

भाचा : त्या कलमापाशीच तर मसुदा अडला आहे.