काशीगावच्या फरारी राघूस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री राघूराव, मुक्काम अज्ञात, यांसी सा. न. वि. वि.

काशीगावातील आपल्या यजमानांच्या पिंजऱ्याचे दार उघडे राहिल्याची संधी साधून आपण मेट्रोचा उन्नत मार्ग आणि महामार्गावरील रहदारी ओलांडून पूर्वेकडील डोंगरांच्या दिशेने जे प्रयाण केले, त्याची इत्तला आता साऱ्या गृहसंकुलास झाली आहे. आणि यजमान शोकविव्हल असल्यामुळे व शुद्ध मराठी लिहिणारा म्हणून शेजारात माझी बदनामी असल्यामुळे, आपणांस परत बोलावण्याची कामगिरी मजकडे आली आहे. ती मी बजावीत आहे. मजकूर यजमानांच्या मनाजोगा उतरेल, अशी हमी मात्र घेतलेली नाही.

शोधात कसूर झालेली नाही. पेरू आणि हिरवी मिरची ठेवून रिकामा पिंजरा गच्चीवर मांडण्यात आला. सायंकाळी आपले जातभाई कलकलाट करीत रातथाऱ्याकडे परततात त्या घटकेस यजमानीणबाईंनी प्रत्येक थव्यास आपल्या नावाने हाक मारून पाहिली. आणि काशिमिरा नाक्यापर्यंत इश्तिहार लागले की, रंग हिरवा, चोच लाल, गळ्यास काळा-गुलाबी कंठ, ‘विठ्ठल’ म्हणतो, आणून देणाऱ्यास योग्य इनाम. हे वर्णन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील आपल्या जातीच्या हरएक प्रौढ नरास लागू पडते, आणि ‘विठ्ठल’ ही खूण पटवावयाची तर पक्षी आधी हाती यावा लागतो, एवढाच त्यात दोष.

खरी अडचण कायद्याची आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये देशी पोपट पकडणे, विकणे वा बाळगणे हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय बेकायदा बाळगलेला वन्य जीव सरकारची मालमत्ता ठरतो. तेव्हा भिंतीभिंतीवर चिकटविलेले हे इश्तिहार म्हणजे यजमानांनी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकासह दिलेले कबुलीजबाब होत, आणि चौकीची पायरी फिर्यादी म्हणून चढणारा गृहस्थ ती आरोपी म्हणून उतरण्याचा संभव आहे.

चौकीचा अनुभव आपल्या जातीस नवा नाही. 2015 च्या ऑगस्टात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका वृद्धेने तक्रार गुदरली की, सावत्र मुलाने पढविलेला पोपट आपणांस येताजाता शिव्या देतो. पोलिसांनी त्या पोपटास ठाण्यात हजर केले, वृद्धेस समोर उभे केले, आणि एवढ्या वाचाळ आरोपीने तेथे चकार शब्द काढला नाही. अखेर त्यास वनखात्याच्या हवाली करण्यात आले. वकील न देता इतका चोख बचाव माणसांतही क्वचितच आढळतो.

यजमानांचे म्हणणे, आपणांस त्यांनी पोटच्या पोरासारखे वाढविले. असेल, परंतु पोटच्या पोरास कोणी ढोलीतून उचलून बाजारात आणलेले नसते, आणि त्याचे पंखही कोणी कातरीत नाही. कातरलेली पिसे यथाकाल झडतात व त्यांच्या जागी अखंड पिसे येतात, हा सृष्टिनियम यजमानांच्या कात्रीस ठाऊक नव्हता. आपल्या राघोभरारीचे रहस्य तेवढेच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील पोपट नळी फिरताच भयभीत होऊन तीच घट्ट धरतो आणि कोणी बांधलेले नसता स्वतःस बद्ध समजतो. आपण दार दिसताच नळी सोडलीत. गच्चीवर पिंजरा कवटाळून बसलेल्या यजमानांस तो दृष्टांत माउलींनी मुळात माणसासाठीच योजला होता, हे कोणी सांगावे?

तथापि आपल्या स्वातंत्र्याचे पोवाडे गाण्याची मला घाई नाही. भिजविलेल्या डाळीवर वाढलेल्या पक्ष्यास फळ कोठे पिकते आणि ससाणा कोठून झेपावतो, हे शिकविणारे कोणी भेटलेले नसते. पिंजऱ्यातून सुटलेल्या आपल्या जातभाईंनी लंडनच्या थंडीतही वसाहती केल्या, हे खरे. पण वसाहत जगलेल्यांची दिसते, वाटेत मेलेल्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. म्हणून आपणांस परतीचा हुकूम न देता एवढेच सुचवितो की, लौकर एखाद्या थव्यात शिरावे आणि माणसाच्या खिडकीवर भरवसा ठेवू नये.

काशीगावकरांस मात्र विनंती आहे. हा राघू दमून कोणाच्या गॅलरीत उतरल्यास इनामाच्या लोभाने यजमानांकडे नेऊ नये. वनखात्यास 1926 या क्रमांकावर कळवावे. यजमानांनी आपले इश्तिहार आपल्याच हाताने उतरवावेत, आणि रिकाम्या पिंजऱ्यासाठी दुसरा पोपट आणू नये. कळावे.

आपला,
एक शेजारी