गायरीवर छप्पर घाला

मिरगाचे पहिले पाऊस पडले की मालवण-कुडाळकडे गोठ्यामागच्या उघड्या गायरीतून, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यातून, तांबूस-काळं पाणी निघतं. पाणंदीतून ते व्हाळाला आणि व्हाळातून खाडीला जातं. वर्षभर गुरांमागे राबून जमवलेल्या खताचा कस असा चार सरींत धुऊन जातो. मग जुलैत आपण युरियाच्या गोणीसाठी सोसायटीच्या दारात उभे!

हिशेब करा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला 5 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोच्या वर. एका गोणीइतकं नत्र मिळवायला 4 टन शेणखत डोक्यावरून शेतात न्यावं लागतं. शेणखताने जमीनही सुधारते, हे खरंच. पण नत्र वाटेतच गळून गेलं, तर निम्मे कष्ट पाण्यात.

सगळ्यात मोठी गळती मुताची. गुराने टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास नत्र मुतात असतं आणि काही तासांतच त्याचा अमोनिया होऊ लागतो. सकाळी गोठ्यात शिरताच नाकाडोळ्यांना झोंबतं ते हेच नत्र. आपण ते गटाराला सोडतो आणि काजू-आंब्याखालचा पातेरा मात्र पेटवून देतो. तोच पातेरा गुरांखाली अंथरा, जोडीला काथ्याचा भुसा टाका. दोन्ही मूत शोषून घेतात आणि कुजताना नत्र धरून ठेवतात. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1931 पर्यंत इंदूरला बसवलेल्या कंपोस्ट पद्धतीत गोठ्यातली मूत मुरलेली मातीसुद्धा खतात घेतली जाई. आपण जवळपास शंभर वर्षांनंतरही ती धुऊन काढतो.

दुसरी चूक शेतात होते. मे महिन्यात खताचे ढीग भाताच्या कुणग्यात टाकून ते आठवडे-आठवडे उन्हात वाळवले जातात. खत पसरलं की त्याच दिवशी नांगराखाली मातीत गाडलं पाहिजे.

आणि हा प्रश्न नुसत्या भाताचा नाही. जांभ्या जमिनीत पाणी भराभर झिरपतं. गायरी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर नत्राचं झालेलं नायट्रेट थेट घरच्या कळशीत येऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

उपाय महागडे नाहीत. गायरीला चारही बाजूंनी चिऱ्याचा कठडा, तळ ठोकून घट्ट केलेला, वर झापांचं नाहीतर पत्र्याचं छप्पर, आणि गोठ्यापासून तिथवर मूत नेणारी एक पन्हळ. नाडेप पद्धतीचे कंपोस्ट खड्डे रोजगार हमीतून होतात. ग्रामसभेत खड्ड्याबरोबर छप्परही मागा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे छपराविना गायरी म्हणजे खत खाडीला दान. पुढच्या मिरगाआधी आपल्या गायरीवर छप्पर चढवा.