किरिबाटीचा स्वातंत्र्यदिन चिरायू होवो

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज पहाटे दिनविशेष उमटतो. तो लिहिणारे काका तुमच्याही सोसायटीत आहेत, तेव्हा त्यांचं वर्णन करत नाही. १२ जुलैला पांढऱ्या खडूने लिहिलं होतं : १९६१ – पानशेत धरण फुटले. खाली हिरव्याने : १९७९ – किरिबाटी देश स्वतंत्र झाला. त्याखाली गुलाबी : १९९८ – फ्रान्सने ब्राझीलला ३-० असे हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. आणि शेवटी, फुलांच्या वेलबुट्टीत : आपला दिवस आनंदात जावो!

पानशेतबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सोसायटी पुण्यातली, तीही मुठेच्या काठावरची, तरी नाही. पेटलं ते किरिबाटीवरून. बी विंगमधल्या एका सभासदाने लेखी हरकत घेतली की १२ जुलैलाच, १९७५ साली, साओ तोमे आणि प्रिन्सिपे हा देश पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला, मग एकट्या किरिबाटीचे लाड कशाला? काकांचं म्हणणं, फळ्याची रुंदी ठरलेली. एवढं लांबलचक नाव घालायचं तर मेन्टेनन्सच्या थकबाकीदारांची यादी पुसावी लागेल. त्याबरोबर सर्व थकबाकीदारांनी साओ तोमेच्या स्वातंत्र्यलढ्याला एकमुखाने पाठिंबा जाहीर केला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. १९९५ साल उजाडताना किरिबाटीने आंतरराष्ट्रीय वाररेषा सरकवली आणि आपल्या पूर्वेकडच्या बेटांवरचा एक अख्खा दिवस गाळून टाकला. ज्या देशाला दिवसच्या दिवस गिळता येतो त्याच्या तारखेवर भरवसा ठेवायचा कसा? त्यावर एक आजी म्हणाल्या, त्यात काय, आपल्याकडे तिथीचा क्षय होतोच की. विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरलं. अनुमोदक मिळाले. चहा झाला.

आता पानशेतचं सांगतो, कारण फळ्यावर तीनच शब्द मावलेत आणि ते वाचून वाटतं की धरणाच्या मनात आलं आणि ते फुटलं. धरण मातीचं होतं, काम पुरतं झालेलं नव्हतं, तरी पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण गेलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि भर दिवसा नदी पेठांमध्ये शिरली. लाकडी पूल पाण्याखाली, वाडे जमीनदोस्त, आणि नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या माणसांसाठी गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती. एवढ्याला पांढरा खडू. फ्रान्सच्या तीन गोलांना गुलाबी.

आणि ही आठवण कुठे पुसली जाते? नदीच्या पात्रात. नकाशावर नदीला दोन रेषा असतात : निळी, सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधायचं नाही, हे पोरालाही कळेल. पण रात्री दोनला राडारोड्याचे डंपर येतात, काठ हातभर पुढे सरकतो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्यावर गवत उगवतं, गवतावर पत्र्याचं कुंपण येतं आणि दिवाळीला पहिल्या पानावर जाहिरात झळकते – नदीच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात! कुशीत कसले, घशात! नदीची जागा फुटावर विकायची, बाल्कनीतून नदी दिसते म्हणून वर जास्तीचे पैसे उकळायचे, आणि नदी आपल्या जागेवर परत आली की तिलाच ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणायचं. पानशेतच्या पुराचे काळे-पांढरे फोटो बघून हळहळणारे आम्ही, त्याच पाण्याच्या जागेवर दोन गाड्यांचं पार्किंग मिळावं म्हणून भांडतो!

त्या किरिबाटीला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. त्यांची बहुतेक बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आहेत. समुद्र चढतोय हे दिसल्यावर त्या देशाने २०१४ साली फिजीमध्ये जमीन विकत घेऊन ठेवली. त्यांनी बुडण्याआधी कोरडी जमीन घेतली. आम्ही बुडून वाळलेली जमीन पुन्हा विकायला काढली.

बाकी, त्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, वेलबुट्टीच्या एका पानाखाली, आणखी एक ओळ होती : ‘धरणातून विसर्ग वाढणार असल्याने सभासदांनी तळघरातील गाड्या त्वरित काढाव्यात.’ किरिबाटीच्या गर्दीत ती कुणी वाचली नाही. दुपारी दोन स्कूटर आणि एक नवी कोरी गाडी दोरखंड लावून ओढून काढली.

संध्याकाळी मी सेक्रेटरींना म्हटलं, काकांचा निळा खडू घेऊन पार्किंगच्या भिंतीवर पूररेषा तरी आखू या, म्हणजे गाडी कुठे लावायची ते कळेल. सेक्रेटरी हादरलेच. म्हणाले, “अहो, एवढं नका करू! रविवारी चारशे दोनचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येतंय.”