किल्लारीचं गिऱ्हाईक उमरग्याला

पंचावन्न-साठीचा माणूस मेडिकलच्या पायरीवर उभा राहून आधी आत कोण कोण आहे ते पाहतो, तेव्हा त्याला नेमकं काय हवंय हे काउंटरमागच्या पोराला कळलेलं असतं. पण पोरगा शहाणा. तो विचारतो, "काय पायजे मामा?"

"डोकं दुखायलंय. दोन गोळ्या दे."

दोन गोळ्या मिळतात. मामा हलत नाहीत. "आणखी काही?" मामा मागे वळून पाहतात. मागे शेजारच्या गल्लीतली सून उभी. "ओआरएसची दोन पाकिटं दे," मामा म्हणतात. अशी पाकिटं घरात इतकी साठलीत की मामांचं पोट नाजूक झालंय, अशी मामींची खात्री पटली आहे आणि त्यांनी जेवणातलं तिखट निम्म्यावर आणलंय.

मामांना नाव घालायचं कारण नाही. औसा तालुक्यात कोणतंही घातलं तरी बसेल. दोष मेडिकलवाल्याचाही नाही. त्याला मामांची तीन पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ आहे, हाच अडथळा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी गाव नव्या जागेवर वसलं, रस्ते रुंद झाले, घराघरांत अंतर पडलं. बातमी मात्र जुन्याच वेगाने फिरते.

म्हणून मामा लग्नाची पत्रिका द्यायचं निमित्त काढून एसटीने उमरग्याला जातात. त्याच वेळी उमरग्याचे एक मामा नीळकंठेश्वराचं दर्शन घ्यायला म्हणून किल्लारीकडे निघालेले असतात. दोघांच्या तिकिटाचे पैसे धरले तर महामंडळाला या विषयातून बऱ्यापैकी उत्पन्न असावं.

गंमत अशी की ज्या गोळीसाठी हा प्रवास, ती आता महाग राहिलेलीच नाही. सिल्डेनाफिल हे तिचं खरं नाव. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत ती हृदयाच्या दुखण्यासाठी म्हणून तपासली जात होती. छातीत फारसा फरक पडेना, पण दुसरीकडेच पडल्याचं चाचणीतले लोक सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेने तिला 'व्हायग्रा' म्हणून परवानगी दिली.

आपल्याकडे तेव्हा १९७० चा पेटंट कायदा होता. त्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. पद्धत बदला आणि तेच औषध खुशाल बनवा. त्यामुळे २००१ च्या सुमाराला देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि मूळ मालक त्यानंतर चार-पाच वर्षांनी, एका गोळीला चारशेच्या वर भाव सांगत आला. तोवर पंगत उठली होती.

या कहाणीत मराठवाड्याचाही वाटा आहे, पण त्याचा सत्कार कुणी केलेला नाही. पैठणला आणि चिकलठाण्याला कारखाने असलेल्या अजंता फार्माचा 'कामाग्रा' हा ब्रँड ब्रिटनमध्ये इतका गाजला, की तिथे विक्रीचा परवाना नसूनही लोक तो नावानिशी मागतात आणि तिथले अधिकारी चोरटा माल वारंवार जप्त करतात. लंडनचा माणूस मराठवाड्याच्या गोळीचं नाव बिनदिक्कत घेतो. आमचे मामा ओआरएस घेतात.

आज साध्या जेनेरिक गोळीचे पैसे चहा-भज्यांच्या बिलाच्या आसपास जातात. जनऔषधी केंद्रांच्या यादीतही सिल्डेनाफिल आहे. पण डॉक्टर चिठ्ठीवर बहुधा कंपनीचंच नाव लिहितात. औषध मूळ नावाने लिहा असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. नियमालाही टिकून राहण्याची अडचण असू शकते, हे तेव्हा दिसलं.

शिवाय चिठ्ठी आणायची कुणाकडून? हे शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. अनेक पाकिटांवर तर बारीक अक्षरांत अटच छापलेली असते, की मूत्ररोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ किंवा त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञ अशांपैकी कुणाच्या तरी चिठ्ठीवरच विक्री करावी. एवढी मंडळी किल्लारीत एका मांडवाखाली आणायची तर लग्नच काढावं लागेल. आणि जिल्हा कुठला, तर लातूर! दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीपासून निघालेला लातूर पॅटर्न आता नीटच्या परीक्षेवर स्थिरावलाय, होऊ घातलेल्या डॉक्टरांचे फोटो चौकाचौकात लागतात. त्यातला एक फोटो मामांच्या पुतण्याचा आहे. त्याला विचारण्यापेक्षा मामा पुन्हा पत्रिका वाटायला जातील.

मग उरते भिंत. एसटी स्टँडजवळ रंगवलेली, 'खात्रीशीर इलाज, भेटा दर रविवारी' म्हणणारी, खाली मोबाइल नंबर. असली जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. या कायद्याविरुद्ध रूह अफझावाला हमदर्द दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ च्या निकालात काही कलमं उडाली, पण लैंगिक ताकदीच्या जाहिरातींवरची बंदी राहिली. भिंतीही राहिल्या.

भिंतीवाल्याकडे मात्र काहीच बोलावं लागत नाही. मामांनी मान खाली घातली की तो समजतो आणि काही हजारांची 'शुद्ध जडीबुटी' पुडीत बांधतो. ती लागू पडली तर जास्त जपावं. अशा वनस्पतीजन्य म्हणवणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं असल्याचं देशोदेशीच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा निघालंय. म्हणजे चहा-भज्यांच्या भावाची गोळी कुटून मामांना बैलजोडीच्या हप्त्याच्या भावात दिली गेली.

पैसे गेले तर गेले. मामांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असेल तर प्रकरण निराळं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती ही गोळी नायट्रेट वर्गातली. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट शरीरात एकत्र आले की रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस जातो. पुडीत काय आहे हे ठाऊक नसलेल्या मामांना हे कोण सांगणार? आणि मुळात हा त्रास कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयाच्या रोहिण्या अरुंद होत चालल्याची आगाऊ वर्दी असतो. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, त्या आधी तक्रार करतात. साखर आणि रक्तदाब तपासायला सांगणारा डॉक्टर म्हणूनच गोळीहून मोलाचा.

महाराष्ट्रात या गोष्टी उघड बोलायला कुणी सुरुवातच केली नाही असं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकाने विचारलं तर उत्तर द्यायचं नाही काय, एवढाच मुद्दा होता. निदान तेव्हाचा वाचक पत्र लिहून विचारत तरी होता.

शेवटी एकदा मामा हिय्या करून सरकारी दवाखान्यात जातात. केसपेपरच्या खिडकीशी रांग, रांगेत निम्मं गाव. खिडकीतून खणखणीत आवाज येतो, "कशाचा त्रास आहे, मोठ्याने सांगा!"

"गुडघे," मामा म्हणतात.

डॉक्टर तरुण आहेत, नम्र आहेत, मामांचे दोन्ही गुडघे वाकवून पाहतात, आणि या वयाच्या मानाने गुडघे फारच उत्तम आहेत असं सांगून महिनाभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात. अगदी मूळ नावाने.